मोठ्या अपघातासाठी रुग्णालयातल्या रक्तसाठ्याचं नियोजन : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

महामार्गावर बस उलटली की अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर संदेश फिरू लागतो : ‘सर्व गटांचं रक्त तातडीने हवं आहे, कृपया पुढे पाठवा.’ तासाभरात रुग्णालयाच्या फाटकाशी दात्यांची रांग लागते. आणि त्याच वेळी आत कॅज्युअल्टीत एका जखमीची पिशवी अडकलेली असते, कारण नमुन्याच्या बाटलीवर नाव नाही आणि फॉर्मवर सही नाही.

आज घेतलेलं रक्त आजच्या जखमीला सहसा उपयोगी पडत नाही. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या झाल्याशिवाय पिशवी देता येत नाही. एलायझा या चाचणीची एक फेरी, नोंदी आणि लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट हे घटक वेगळे करणं धरलं तर सहा-आठ तास सहज जातात. जखमीचा जीव वाचतो किंवा जातो तो पहिल्या दोन-तीन तासांत. म्हणजे त्याला मिळणारं रक्त अपघात होण्याआधीच फ्रिजमध्ये असायला हवं.

पुढचे टप्पे साधारण शंभर ते तीनशे खाटांच्या, स्वतःचं रक्तकेंद्र किंवा रक्त साठवणूक केंद्र असलेल्या रुग्णालयासाठी आहेत. पहिले सहा शांत काळात करायचे, उरलेले घटनेच्या दिवशी आणि नंतर.

टप्पा १ : तुमच्या भागात कोणती आपत्ती येऊ शकते, ते लिहून काढा

प्रत्येक आपत्तीत रक्त सारखंच लागत नाही. योजना इथेच चुकायला सुरुवात होते.

रस्ते आणि रेल्वे अपघात, बॉम्बस्फोट, गोळीबार यांत रक्तस्राव मोठा आणि मागणी लगेचची. मुंबईत ११ जुलै २००६ ला लोकल गाड्यांमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि जखमी पश्चिम मार्गावरच्या अनेक रुग्णालयांत विखुरले गेले. अशा वेळी एकाच ठिकाणी साठा भरपूर असून भागत नाही, तो हलवता यावा लागतो.

चेंगराचेंगरीत मृत्यू मुख्यतः छाती दबून, श्वास कोंडून होतात. तिथे ऑक्सिजन आणि श्वासनलिकेत नळी घालणारे हात जास्त लागतात, रक्त त्या मानाने कमी. नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थासाठी तयारी करणाऱ्या रुग्णालयांनी गर्दीचा आकडा पाहून हजारो पिशव्यांची मागणी नोंदवण्याआधी हे ध्यानात घ्यावं. त्यांच्यासाठी खरा धोका घाटरस्त्यांवरच्या वाहतुकीचा आहे.

आगीच्या घटनांत पहिल्या तासांत सलाइन आणि खाटा लागतात, रक्ताची गरज पुढच्या दिवसांत शस्त्रक्रियांसाठी पडते. इमारत कोसळली तर जखमी ढिगाऱ्याखालून तासातासाच्या अंतराने निघतात. स्नायू चिरडलेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढलेलं असतं आणि जुन्या पिशवीतही ते जास्त असतं, म्हणून त्याच्यासाठी ताजी पिशवी निवडा. पुरात जखमी थोडे, पण रस्ते बंद. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूरु महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. अशा भागातल्या केंद्राने जूनअखेर साठा वाढवून ठेवलाच पाहिजे, कारण नंतर पाठवायचं मनात असूनही कुणी पाठवू शकत नाही.

टप्पा २ : साठ्याचा आकडा काढा

आधी मागच्या तीन महिन्यांच्या रजिस्टरवरून रोजचा सरासरी वापर काढा, गटवार. समजा तुमच्याकडे रोज लाल पेशींच्या १२ पिशव्या लागतात. मग सात दिवसांचा साठा ८४ होतो. त्याच्या वर असाल तर हिरवी पातळी, तीन ते सात दिवसांचा असेल तर पिवळी, ३६ च्या खाली गेलात तर लाल. या सीमा मी सोयीसाठी सांगतोय, तुमच्या अनुभवाने बदला. पण पातळी बदलली की कोण काय करणार, ते कागदावर हवं.

मोठ्या अपघाताचा अंदाज करण्यासाठी जगभर वापरला जाणारा साधा हिशोब असा : दाखल होऊ शकणारे जखमी गुणिले तीन, तेवढ्या लाल पेशींच्या ‘ओ’ गटाच्या पिशव्या. चाळीस जखमी आले, त्यातले पंधरा दाखल झाले, तर ४५ पिशव्या. ही सरासरी आहे. प्रत्यक्षात दहा जणांना एकही लागत नाही आणि दोघे-तिघे मिळून निम्म्याहून जास्त संपवतात.

‘ओ’ का? कारण गट कळेपर्यंत तोच देता येतो. पण ४५ च्या ४५ ओ निगेटिव्ह गोळा करायला जाऊ नका. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात साधारण पाच, त्यातले ‘ओ’ दोनच्या आसपास. पुरुषांना आणि मूल होण्याचं वय उलटलेल्या स्त्रियांना ओ पॉझिटिव्हने सुरुवात करा. ओ निगेटिव्ह फक्त मुली आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया यांच्यासाठी राखा. हा निर्णय आयत्या वेळी रात्रपाळीच्या डॉक्टरवर टाकायचा नसतो. रुग्णालय प्रमुखांच्या सहीने तो आधीच भिंतीवर लागलेला असावा.

*सावधान :* ‘आपत्तीसाठी राखीव’ अशी चिठ्ठी लावून पिशव्या वेगळ्या कप्प्यात कुलूपबंद करू नका. साध्या सीपीडीए (रक्त गोठू न देणारं द्रावण) पिशवीची मुदत ३५ दिवस, एसएजीएम (लाल पेशी टिकवणारं जादा द्रावण) असलेल्या लाल पेशींची ४२. कुलपातला साठा तिथेच मुदत संपून मरतो. राखीव म्हणजे एक आकडा, ठरावीक पिशव्या नव्हेत. जुनी पिशवी रोज पुढे सरकत राहिली पाहिजे, एकूण संख्या मात्र ठरलेल्या पातळीखाली जाता कामा नये.

आपल्याकडे साठा वाकडा होण्याचं कारण शिबिरांचं वेळापत्रक आहे. नेत्याचा वाढदिवस, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट : एका दिवशी तीनशे पिशव्या, आणि पाच आठवड्यांनी त्यांची मुदतही एकदमच संपते. मे महिन्यात कॉलेजं बंद, दिवाळीत लोक गावी, म्हणजे तुटवडा. आयोजकांना स्पष्ट सांगा की एका दिवशी सत्तर आणि उरलेले दोन आठवड्यांनी. फोटोला गर्दी कमी दिसते म्हणून थोडी कुरकुर होईल. होऊ द्या.

टप्पा ३ : रक्ताखेरीज काय संपतं, ते मोजा

पिशव्या असूनही काम थांबतं ते अभिकर्मकं, म्हणजे तपासणीची रसायनं, आणि किरकोळ सामान संपल्यामुळे. गट तपासण्याचे अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी, जेल कार्ड, एलायझा किट, कोऱ्या रक्तपिशव्या, ट्रान्सफ्यूजन सेट, नमुन्याच्या बाटल्या, मनगटपट्ट्या आणि कोरे फॉर्म : या सगळ्यांचा रोजच्या गरजेच्या तिप्पट साठा ठेवा आणि त्यांच्या मुदती महिन्याच्या एक तारखेला पाहा.

लाल पेशींना २ ते ६ अंश, प्लेटलेटला २० ते २४ अंश आणि सतत हलती ठेवणारी मशीन, प्लाझ्माला उणे ३० किंवा त्याखाली. तीन उपकरणं, तिन्ही जनरेटरवर आहेत ना? डीप फ्रीझरचा प्लग जनरेटरच्या लाइनवर नसतो, हे बऱ्याच ठिकाणी वीज गेल्यावरच कळतं.

*तपासा :* मेन स्विच बंद करून पाहा. जनरेटर किती मिनिटांत सुरू झाला, अलार्म वाजला का, तो कुणी ऐकला? रात्री खोलीत कुणीच नसेल तर अलार्मचा उपयोग नाही.

टप्पा ४ : माणसं ठरवा, नावानिशी

तीन भूमिका पुरेशा आहेत.

रक्त समन्वयक : हा कॅज्युअल्टीत उभा राहतो आणि रक्तकेंद्राशी फक्त हाच बोलतो. शक्यतो भूलतज्ज्ञ किंवा अनुभवी वैद्यकीय अधिकारी. शस्त्रक्रिया करणारा सर्जन नको, त्याचे हात मोकळे नसतात.

केंद्रातला प्रमुख तंत्रज्ञ : साठा मोजणं, पिशव्या देणं, नोंद.

नेआण करणारे : दोन मामा किंवा मावशी, ज्यांना त्या वेळी दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. ‘जाता जाता एक्स-रे पण घेऊन ये’ असं कुणी म्हणालं की साखळी तुटली.

रात्री आणि रविवारी बहुतेक केंद्रांत एकच तंत्रज्ञ असतो. म्हणून बोलावण्याची यादी पदानुसार लावू नका, कोण किती मिनिटांत पोचतो त्यानुसार लावा. दोन किलोमीटरवर राहणारा कनिष्ठ तंत्रज्ञ पंधरा किलोमीटरवरच्या विभागप्रमुखाच्या आधी.

टप्पा ५ : शेजाऱ्यांशी लेखी बोलणी

पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघातली सगळी रक्तकेंद्रं, सरकारी आणि खाजगी, यादीत घ्या. प्रत्येकाशी एका पानाचा करार करा : आपत्तीत किती पिशव्या देऊ शकाल, रात्री कुणाला फोन करायचा, वाहन कोण पाठवणार, न वापरलेल्या पिशव्या कोणत्या अटीवर परत जाणार, शुल्काचा हिशोब नंतर कसा करायचा. बदली रक्तदात्याची मागणी त्या दिवसापुरती स्थगित राहील, हे वाक्य करारात घालाच. जखमीच्या भावाला ‘आधी दाता आणा’ म्हणणारा कारकून अशा दिवशीही सापडतो.

ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर रक्तकेंद्रांचा साठा दिसतो, पण तो शेवटची नोंद झाली त्या वेळचा. फोन करून खात्री केल्याशिवाय गाडी पाठवू नका.

स्वतःचं रक्तकेंद्र नसेल, फक्त साठवणूक केंद्र असेल, तर हा टप्पा तुमच्यासाठी सगळ्यात मोठा. मुख्य केंद्रापासून घाट उतरून यायला दीड तास लागत असेल तर तुमच्या फ्रिजमधल्या पाच-दहा पिशव्याच तुमची पहिली फळी आहेत. तिथे ओ पॉझिटिव्ह दोनच ठेवून चालणार नाही. आणि गंभीर रुग्णाला स्थिर करून पुढे पाठवायचं की रक्त मागवायचं, हा निर्णय किती पिशव्या संपल्यावर घ्यायचा ते आधीच ठरवा.

टप्पा ६ : ओळखीची व्यवस्था आणि सराव

माझ्या मते सगळ्या योजनेतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि माणूस दगावू शकतो तो इथेच. रक्ताचा तुटवडा सगळ्यांना दिसतो. चुकीच्या माणसाला गेलेली बरोबर दिसणारी पिशवी कुणालाच दिसत नाही.

शुद्ध हरपलेले पाच तरुण एकदम येतात. फॉर्मवर ‘अनोळखी पुरुष १’, ‘अनोळखी पुरुष २’ असं लिहिलं जातं. ट्रॉल्या हलतात, एकाला सीटीला नेतात, आणि १ चा नमुना २ च्या नावाने जातो. ए गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त चढलं तर पहिले काही मिलिलीटरसुद्धा घातक ठरू शकतात.

उपाय स्वस्त आहे. पन्नास प्लास्टिक पाकिटं आधीच भरून ठेवा. प्रत्येकात एक मनगटपट्टी, नमुन्याच्या दोन बाटल्या, एक मागणी फॉर्म, आठ-दहा चिकटपट्ट्या, आणि त्या पाकिटातल्या सगळ्यांवर एकच छापील क्रमांक. क्रमांक ओळीने येणारे नकोत : ४७१, ८३६, २९५ असे एकमेकांशी न जुळणारे. रुग्ण दारातून आत आला की पट्टी मनगटाला, मग बाकी सगळं. नंतर नातेवाईक येऊन नाव सांगतात, तेव्हा क्रमांक बदलायचा नाही. नाव पुढे जोडायचं, आणि क्रमांक तो रुग्ण घरी जाईपर्यंत तसाच.

*सावधान :* नमुना रुग्णाजवळ उभं राहूनच घ्या आणि तिथेच चिकटपट्टी लावा. टेबलावर नेऊन ‘सगळ्या बाटल्यांना एकदम’ लेबल लावण्याची सवय या दिवशी सगळ्यात महाग पडते.

सराव वर्षातून दोनदा, त्यातला एक रविवारी रात्री, न सांगता. मोजायची गोष्ट एकच : रक्त समन्वयकाने फोन उचलल्यापासून पहिली ओ पिशवी खाटेजवळ पोचायला किती मिनिटं लागली. दहा मिनिटांच्या वर जात असेल तर जिना, लिफ्ट, किल्ली, सही यांपैकी काय आडवं आलं ते शोधा. बहुतेक वेळा किल्लीच असते.

टप्पा ७ : घटना घडली, पहिली पंधरा मिनिटं, याच क्रमाने

१. बातमीची खात्री करा. १०८ किंवा पोलीस नियंत्रण कक्षाकडून : कसला अपघात, किती जखमी, किती तुमच्याकडे निघाले. पहिला आकडा बहुधा चुकीचा असतो. त्यावर शेजारच्या चार जिल्ह्यांतून रक्त मागवू नका.

२. साठा मोजा. रजिस्टरवरून नको, फ्रिज उघडून. गटवार आकडे फळ्यावर लिहा.

३. राखून ठेवलेल्या पिशव्या सोडवा. दुसऱ्या दिवशीच्या नियोजित शस्त्रक्रियांसाठी क्रॉसमॅच करून (रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहून) बाजूला ठेवलेल्या पिशव्या हा तुमचा लपलेला साठा. मध्यम आकाराच्या रुग्णालयात अशा दहा-वीस सहज निघतात. शस्त्रक्रिया पुढे ढकला आणि पिशव्या सामान्य साठ्यात घ्या. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या मात्र हलवू नका, तिथला रक्तस्राव कुणाची वाट पाहत नाही.

४. दोन खोकी भरा : प्रत्येकात चार ओ पॉझिटिव्ह, एकात वर दोन ओ निगेटिव्ह. वेळ आणि तापमान लिहून कॅज्युअल्टीत पाठवा.

५. यादीप्रमाणे माणसं बोलवा.

६. आता शेजाऱ्यांना फोन : ‘तयार राहा, अर्ध्या तासात आकडा सांगतो.’ पाठवायला लावू नका, अजून नाही.

प्लाझ्मा वितळवायला ३७ अंशांच्या पाण्यात साधारण अर्धा तास लागतो आणि वितळलेला पुन्हा गोठवून ठेवता येत नाही. म्हणून बातमी ऐकून वितळवू नका. पहिला खरोखर रक्तस्राव असलेला रुग्ण दिसला की लगेच चार पिशव्या टाका.

टप्पा ८ : वाटपाचा क्रम

जखमींच्या वर्गवारीत ‘लाल’, म्हणजे सर्वांत गंभीर, ठरलेल्या ज्या जखमीचा रक्तदाब कोसळलाय, त्याचा नमुना आधी, पिशवी नंतर. दहा सेकंदांचा फरक, पण ओ गटाच्या पाच-सहा पिशव्या गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात त्याचा मूळ गट ओळखणं कठीण होऊन बसतं.

क्रॉसमॅच न झालेली ओ पिशवी द्यायची तर डॉक्टरची लेखी मागणी हवी. त्यासाठी दोन ओळींचा छापील फॉर्म पाकिटातच ठेवा. पिशवीच्या नळीचा तुकडा केंद्रात राहतो आणि क्रॉसमॅच मागाहून पूर्ण होतो. पुढे गट पाच-दहा मिनिटांत कळतो. कळला की ताबडतोब त्याच गटाच्या पिशव्यांवर या. ‘ओ चाललंय तर चालू दे’ या आळसात दोन तासांत ओ संपतो आणि बीच्या तीस पिशव्या फ्रिजमध्ये तशाच राहतात. पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण तास-तास लागतो. वर्गवारीत ‘पिवळा’, म्हणजे त्याहून कमी गंभीर, ठरलेला रुग्ण तेवढा थांबू शकतो, त्याने थांबावं.

मोठा रक्तस्राव सुरूच असेल तर लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट साधारण समसमान ठेवायचे. सोयीसाठी चार-चारचा संच करा : चार लाल पेशी, चार प्लाझ्मा, चार साधे प्लेटलेट. नुसत्या लाल पेशी ओतत राहिलात तर रक्त गोठण्याची ताकदच पातळ होते. गट माहीत नसताना प्लाझ्माचा नियम उलटा : तिथे ‘एबी’ सगळ्यांना चालतो, ‘ओ’चा प्लाझ्मा मात्र फक्त ‘ओ’च्या रुग्णाला. घाईत हीच गल्लत होते.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध इजेपासून तीन तासांच्या आत द्यायला हवं, एक ग्रॅम दहा मिनिटांत. ते स्वस्त आहे, कपाटात आहे, आणि विसरलं जातं. अनेक पिशव्या भराभर गेल्या असतील तर कॅल्शियमही. पिशवी गरम पाण्याच्या बादलीत किंवा सलाइनच्या वॉर्मरवर टाकू नका, लाल पेशी फुटतात. रक्तासाठीचं वॉर्मर नसेल तर रुग्णाला गरम ठेवा.

*तपासा :* दर अर्ध्या तासाला समन्वयकाने प्रत्येक खाटेवर एकच प्रश्न विचारायचा : ‘अजून हवं आहे का?’ रक्तस्राव थांबला, रुग्ण शस्त्रक्रियेला गेला किंवा मृत झाला, तरी मागणी चालूच राहते. पिशवी थंड खोक्याबाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिली की साठ्यात परत घेता येत नाही. उशाशी ठेवलेली पिशवी म्हणजे वाया गेलेली पिशवी.

टप्पा ९ : फाटकाबाहेरची गर्दी

दाते येणारच, आणि त्यांना हाकलायचं नाही. कॅज्युअल्टीच्या वाटेपासून दूर, शाळेत किंवा सभागृहात, टेबल मांडा. नाव, गट, फोन, शेवटचं रक्तदान कधी, एवढं लिहून घ्या. ज्या गटाचा साठा खरोखर खाली आलाय तेवढ्यांचंच रक्त घ्या, बाकीच्यांना पुढच्या तीन आठवड्यांत तारखा द्या.

पुरुषाला पुन्हा रक्तदान करायला ९० दिवस थांबावं लागतं, स्त्रीला १२०. म्हणजे एका रात्रीत पाचशे जणांचं रक्त घेतलंत तर तुमचा पुढच्या तीन महिन्यांचा दात्यांचा साठा संपला. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर लाखो लोकांनी रक्त दिलं. हल्ल्यातल्या जखमींना तीनशे पिशव्याही लागल्या नाहीत आणि पुढे मुदत संपून बरंच रक्त टाकावं लागलं.

संदेश कोण पाठवणार ते एकाच माणसाकडे ठेवा, आणि मजकूर आधीच तयार ठेवा. असा :

‘आजच्या अपघातातील जखमींसाठी रक्ताचा साठा सध्या पुरेसा आहे. रुग्णालयात गर्दी करू नये. रक्तदानाची इच्छा असल्यास खालील क्रमांकावर नाव व रक्तगट नोंदवावा. गरज असेल त्या दिवशी आम्ही बोलावू. हा संदेश आज रात्री बारापर्यंतच वैध आहे.’

शेवटचं वाक्य काढू नका. मुदत नसलेले संदेश दोन वर्षांनीही फिरत राहतात.

टप्पा १० : दुसऱ्या दिवसापासून

धोका टळला असं वाटतं तेव्हा साठा सगळ्यात खाली असतो. हाडांच्या शस्त्रक्रिया तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतात आणि पुन्हा रक्त मागतात. ढकललेल्या नियोजित शस्त्रक्रियाही त्याच आठवड्यात येतात. त्यामुळे साठा पिवळ्या पातळीच्या वर येईपर्यंत नियोजित यादी अर्धीच ठेवा.

चोवीस तासांच्या आत हे उरकून घ्या : सगळे मागाहूनचे क्रॉसमॅच पूर्ण, ज्या निगेटिव्ह रुग्णांना पॉझिटिव्ह रक्त गेलं त्यांची यादी (त्यात मूल होण्याच्या वयातली स्त्री असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल तज्ज्ञाला लगेच विचारा), रक्त चढवताना आलेल्या प्रतिक्रियांचे फॉर्म, शेजाऱ्यांकडून आलेल्या पिशव्यांचा हिशोब आणि ई-रक्तकोषवर खरा साठा.

आठवड्याभरात बैठक घ्या. तिला मामा-मावशींना आणि त्या रात्रीच्या तंत्रज्ञाला बोलवा, नुसत्या विभागप्रमुखांना नको. तीन आकडे मांडा : पहिली पिशवी किती मिनिटांत पोचली, किती मागवल्या आणि किती प्रत्यक्ष चढल्या, किती वाया गेल्या. मागवलेल्या पिशव्या चढलेल्यांच्या दुप्पट असतील तर मागणी करणारी तोंडं जास्त झाली, समन्वयक एकच नव्हता. मग पन्नास पाकिटांपैकी जेवढी वापरली तेवढी पुन्हा भरा, नव्या क्रमांकांनी.